पुरानं आणलेली फांदी

नलिनीला घर सजवायची भारी हौस, आणि सासरी ती हौस कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. सौसरातल्या त्या घरात सणाची सजावट म्हणजे काय, तर दाराला आंब्याची पानं, उंबऱ्याला हळदकुंकू अन् आंगणात सडा. झालं. सासूबाई, कलाबाई, तोंडावर म्हणायच्या, "घर राहाले असते बाप्पा, पाहाले नसते." पण ही पोरगी नागपूरची, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली. रिकामी बाटली दिसली की हिला तिच्यात फूल दिसायचं. अशा बाईला सांगा, हात बांधून बस. बसेल काय? नाही बसली. तिथंच सगळं बिनसलं.

दिवाळी होती छप्पन सालची. त्याच दिवाळीच्या तोंडावर सरकारनं नकाशावर नवी रेघ ओढली. नागपूर गेलं मुंबईच्या राज्यात, सौसर-पांढुर्णा राहिले भोपाळच्या. पानठेल्यावर रोज जुंपायची. कोणी म्हणे बरं झालं, कोणी म्हणे आपल्याला वाऱ्यावर सोडलं. नलिनीचं माहेर एका रात्रीत परराज्यात गेलं आणि ती तर चुलीपुढून उठलीही नव्हती. नवरा वसंत नागपूरच्या सरकारी कचेरीत बाबू. कचेरीची कपाटं-टेबलं बांधून तो भोपाळला गेला होता, लक्ष्मीपूजनाला येतो म्हणून सांगून. घरात उरल्या तिघी. सासू, सून आणि सुधा.

सुधा नलिनीच्या पोटची नव्हती. वसंताची पहिली बायको शकू खोकल्याच्या दुखण्यानं गेली, तिची ही पोरगी. सात वर्षांची, हाडापेरानं बारीक, आणि बोलायला अशी कंजूष की विचारू नका. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी नलिनीला ती "मावशी" म्हणायची. मावशी, पाणी दे. मावशी, वेणी घाल. नलिनीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? झालरीचा झगा शिवला, लोधीखेड्याच्या बाजारातून बांगड्या आणल्या, रात्री गोष्टी सांगून सांगून घसा कोरडा केला. पोरगी गोष्ट ऐकायची, झगा घालायची, आणि झोपताना म्हणायची, "जाऊ का मावशी?" नलिनीच्या काळजाला घरं पडायची. तिला सोनं नको होतं, नाणं नको होतं. एकदा, फक्त एकदा या पोरीनं आई म्हणावं, एवढ्याचाच तिला ध्यास लागला होता.

कोजागिरी झाली तेव्हा नलिनीनं सुधाला मिशनच्या शाळेतल्या नाताळाची गोष्ट सांगितली. तिथं एका खोलीत झाड उभं करायचे म्हणे, त्याला चांदण्या अन् दिवे लावायचे. सुधा ताडकन उठून बसली.

"घरात झाड?"

"हो ना. आतमधी."

"आपण करू या? दिवाळीले?"

पोरीनं आपणहून काही मागण्याची ही पहिलीच खेप. नलिनी हरखली. झाड तर झाड, म्हणाली, उद्याच आणू.

आता झाड आणायचं कुठून? बगिच्यात संत्री फळांनी लगडलेली, त्यांना हात लावला असता तर कलाबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. शिवाय सणासुदीला जितं झाड तोडायचं नलिनीच्याही जिवावर आलं. म्हणून दोघी निघाल्या पडलेली फांदी शोधायला, बगिच्यामागच्या नाल्याकडे. यंदा नाल्याला भल्ला पूर येऊन गेला होता. काठावर काय काय येऊन पडलं होतं, कडबा, मोडके फाटे, कोणाच्या तरी गोठ्याचं दार.

हा नाला म्हणजे गावाची शीव. अल्याड गाव, पल्याड गावाला नको असलेलं सगळं. पोळ्याच्या दिवशी घरोघरी दाराशी पळसाची हिरवी फांदी लावायची, तिला म्हणतात मेढ. रातभर ती दारात राहते, घरातलं दुखणंबाणं, नजर, पीडा सगळी ओढून घेते, आणि दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना ती उपटून नाल्यापल्याड फेकायची. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, म्हणून ओरडायचं आणि सरळ घरी यायचं. मागं वळून पाहायचं नाही. टाकलेली मेढ कोणी परत उचलत नाही, चुलीतसुद्धा घालत नाही. हे नलिनीलाही ठाऊक होतं, नागपुरात काय वेगळी रीत होती? म्हणून तर तिनं सुधाला निघतानाच बजावलं, "पल्याड पाय ठेवायचा नाही हं. तिकडे मेढी टाकतात."

शहाणी बाई. सगळी खबरदारी घेतली तिनं. फक्त पूर कोणती वस्तू कुठून उचलतो आणि कुठं ठेवतो, हे तिच्या मनात आलं नाही.

बाभळीच्या बुडाशी फाट्यांचा ढीग अडकला होता. नलिनी एकेक उचलून पाहत होती, ही वाकडी, ही किडकी. तेवढ्यात सुधा ढिगावर चढली आणि खालून एक फांदी ओढू लागली.

"हीच," ती म्हणाली.

साल पार निघून गेलेली, धुऊन धुऊन पांढुरकी झालेली फांदी. सुधाच्या उंचीची. वरती तीन फाटे असे पसरलेले की दुसरी कोणती पाहायची गरजच नव्हती. बेचक्यात एक चिंधी अडकून बसली होती, चिखलानं काळी पडलेली. नलिनीनं ओढून पाहिली, निघेना. राहू दे म्हणाली, चुना लागला की दिसायची नाही. सुधानं फांदी उचलू दिली नाही, स्वतःच दोन्ही हातांनी छातीशी धरून घरापर्यंत आणली. वाटेत एकदाही दमली नाही.

कलाबाई ओसरीत वाती वळत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस पुढ्यात आला तरी त्यांना सावलीच दिसायची. कान मात्र तिखट.

"काय आणलं व?"

"वाळलेली फांदी, मामीजी. पोरीला दिवाळीचं झाड करून देते." सासूला ती मामीजीच म्हणायची.

"तोडली तर नाही?"

"नाही जी. पडलेली होती, नाल्याच्या अल्याड."

"मंग ठीक हाये," कलाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वात वळू लागल्या. "काय काय खूळ येतात बाई डोक्यात."

मडक्यात रेती भरून नलिनीनं फांदी माजघरात उभी केली. चुना दिला. घरच्या कापसाची बोंडं फाट्यांना चिकटवली, पतंगी कागदाच्या चांदण्या कातरल्या, गळून पडलेली छोटी हिरवी संत्री दोऱ्यानं टांगली. खाली गोल पणत्या मांडल्या. काय सांगावं, माजघर उजळून निघालं. शेजारच्या बाया येऊन तोंडात बोट घालून गेल्या. आणि सुधा हसली. त्या घरात नलिनीनं तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं.

पोरगी झोपल्यावर नलिनी एकटीच झाडापुढे उभी राहिली. एक बोंड सुटलं होतं, ते चिकटवता चिकटवता आपल्याशीच पुटपुटली. "एकदा पोरीनं आई म्हणावं बाप्पा. मंग माझं काय व्हायचं ते होवो." आपण बायका असं दिवसातून दहादा म्हणतो. कोण मनावर घेतं?

वर लावलेल्या कागदाच्या चांदण्या तेवढ्या हलल्या. दारं तर बंद होती. नलिनीनं मनात आणलं नाही, फुंकर मारून पणत्या विझवल्या आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला खोकला ऐकू आला. कोरडा, दोनदा. नलिनी चुलीपाशी होती, तिला वाटलं सासूबाई. तेवढ्यात ओसरीतून कलाबाईंची हाक आली.

"काऊन व, खोकलून राहिली? काढा घे."

"मी नाही, मामीजी. तुम्हीच ना?"

"मी कायले खोकलू?"

सुधा माजघरात झाडापुढे बसली होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होती. नलिनीनं आत डोकावलं तर ती थांबली.

"कोणाशी बोलून राहिली ग?"

"कोणाशीच नाही, मावशी."

मग रोजचंच झालं. दिवेलागणीला खोकला यायचा आणि कोणाचाच नसायचा. सकाळी पाहावं तर फांदीचा चुना ओला, आताच दिल्यासारखा. नलिनी बोट लावून पाहायची, बोट पांढरं व्हायचं. थंडीचं दव असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. घरात दव पडतं का कधी? पण माणसाला समजूत घालायची असली की काहीही चालतं. सुधाचं जेवणावरचं लक्ष उडालं. शाळेतून आली की दप्तर टाकून झाडापुढे. खेळायला बोलवायला पोरी यायच्या, परत जायच्या.

वसुबारसेच्या संध्याकाळी नलिनी माजघराच्या दारात करंज्यांचं ताट घेऊन उभी होती. सुधाची पाठ तिच्याकडे होती.

"आई," सुधा म्हणाली.

नलिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या शब्दासाठी वर्षभर जीव टांगणीला लागला होता, तो असा सहज, संध्याकाळच्या वेळी, करंज्या तळून होताच कानावर पडावा! ती म्हणाली, "काय ग बाई माझी?"

सुधानं मान वळवली. चेहऱ्यावर ओळखच नाही अशी नजर.

"तुले नाही, मावशी," ती म्हणाली, आणि पुन्हा फांदीकडे वळली. तिला खोकला आला. कोरडा, दोनदा.

ताट खाली ठेवून नलिनी पुढं गेली आणि पोरीचा हात धरला. हात तव्यावानी तापला होता. सुधाला उचलताना तिची नजर बेचक्याकडे गेली. ती चिंधी होती ना काळी पडलेली, तिच्यावरचा चिखल वाळून गळून गेला होता. चिंधी लाल होती. आणि तिच्याच खालून, चुना फोडून, कोवळी कोवळी पानं फुटली होती. तीन तीन जोडून, पळसाची.

रेतीत पाण्याचा थेंब नव्हता. फांदी वाळून खडंग झालेली. नलिनी सुधाला पोटाशी धरून ओसरीत आली ती ओरडतच.

"मामीजी! फांदीला पानं फुटली!"

कलाबाई भिंत धरत धरत माजघरात आल्या. दोन्ही हात पुढे करून त्यांनी फांदी चाचपली, बुडापासून वरपर्यंत. बोटं बेचक्याशी थांबली. चिंधीची गाठ त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली. नलिनीनं सासूला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. बाईची पाचावर धारण बसली होती.

"ही माझी गाठ हाये," कलाबाई म्हणाल्या. "ही आपल्या घरची मेढ व."

"कशी असेल? मी अल्याडची आणली."

"पुरानं आणली असंल. पल्याडचं अल्याड केलं पुरानं." त्या खालीच बसल्या. "शकू गेली त्या पोळ्याची मेढ हाये ही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शकूला मागच्या खोलीत ठेवलं होतं. दुखणं लागट, म्हणून पोरीला जवळ जाऊ दिलं नाही. शकू खिडकीतून हाका मारायची, सुधे, एकदा ये व, एकदा तोंड दाखव. कलाबाई पोरीला ओढून न्यायच्या. तशीच हाक मारता मारता ती गेली. ती गेली आणि आठ-पंधरा दिवसांत सुधा खोकू लागली. जामसांवलीला मारुतीरायाच्या पायावर घालून आणली, अंगारा लावला, उतार पडेना. पोळा आला. कलाबाईंनी शकूचं लाल लुगडं फाडून त्याची पट्टी मेढीला बांधली, आणि नाल्यावर फेकताना रोगराईच्या जोडीला तिचंही नाव घेतलं. खासी-खोकला घेऊन जा, आणि शके, तूही जा.

"सुनेला हाकललं तुम्ही?" नलिनीच्या तोंडून निघून गेलं.

"नातीले वाचवलं," कलाबाई फाडकन म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी खोकला थांबला तिचा. तुले काय माहीत, तू होती काय तेव्हा?"

सुधा नलिनीच्या कुशीत होती, श्वासागणिक छातीत घरघर वाजत होती.

चतुर्दशीच्या पहाटे मेढ परत न्यायची ठरली. कलाबाईंना दिसत नव्हतं, घरात पुरुष नव्हता, आणि हे काम परक्याच्या हातून होत नाही. नलिनीलाच जाणं भाग होतं. चांदण्या उतरवल्या, बोंडं काढली, संत्री काढली. सुधा झोपेत कण्हत होती.

"नाल्यापल्याड टाकायची," कलाबाईंनी दारात सांगितलं. "नाव घ्यायचं तिचं. आणि येताना-जाताना कोणी हाक मारली तरी मागं पाहायचं नाही. कोणीबी. समजलं?"

"समजलं, मामीजी."

घरोघरी न्हाणीघरात पाणी तापत होतं, उटण्याचा वास सुटला होता. पूर्वेला नुकतंच फटफटलं होतं. नलिनीनं फांदी खांद्यावर घेतली आणि कोरडं लाकूड इतकं जड कसं, असं तिला वाटलं. सुधाला कडेवर घेतलं की जेवढं ओझं व्हायचं, तेवढंच. बगिच्याच्या कडेनं ती चालू लागली. संत्र्यांच्या झाडांत अजून अंधार होता.

बगिचा अर्धा झाला तेव्हा मागं पावलं वाजली. लहान, अनवाणी. नलिनी थांबली नाही.

"मावशी, थांब ना."

तिनं दात आवळले. ही सुधा नाही. सुधा अंथरुणात आहे, सासूबाई उशाशी बसल्या आहेत. ती भरभर चालू लागली. पावलंही भरभर वाजू लागली.

"मावशी, अंधार हाये. मले भेव लागते."

"शके, जा," नलिनी म्हणाली. "शके, तू जा बाई."

मागं पावलं थांबली. नाला समोर आला होता, पाण्यात पांढरं आभाळ दिसत होतं. आता दहा-बारा पावलं टाकली की सुटलो, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात मागं धप्प आवाज झाला, कोणी पडल्याचा. आणि रडं. अगदी सुधाचं रडं, दाबून दाबून रडायची तसंच.

"आई ग," आवाज म्हणाला. "आई, मी पडली."

तुम्ही असता तर काय केलं असतं? सांगणं सोपं आहे. नलिनीला सगळं ठाऊक होतं, बजावलेलं होतं. पण तो शब्द वर्षभर तिनं मनातल्या मनात ऐकला होता. ती वळली.

वाटेवर कोणी नव्हतं. लांबपर्यंत कोणी नव्हतं.

आणि खांद्यावरची फांदी हलकी झाली. वाळलेलं लाकूड असावं तेवढीच. नलिनी पाण्यातून पलीकडे गेली, फांदी फेकली, आणि जीव मुठीत धरून घराकडे पळत सुटली.

दारातच कलाबाईंनी विचारलं, "मागं पाहिलं तर नाही?"

"नाही, मामीजी."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण ते किती झरकन जमलं! ती आत गेली. सुधा अंथरुणावर उठून बसली होती. अंगाला घाम सुटला होता, ताप उतरला होता. तिनं डोळे चोळले, नलिनीकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "भूक लागली."

नलिनीनं तिला छातीशी कवटाळलं आणि ढसाढसा रडली. मग उटणं लावून न्हाऊ घातलं, चकल्या दिल्या, नवा झगा घातला. दिवसभर पोरीचं आई, आई, आई चाललं होतं. लक्ष्मीपूजनाला वसंत आला आणि दारातच थबकला. "अरे वा," तो म्हणाला, "इथंही राज्य बदललं वाटते." नलिनी खळखळून हसली. एवढी सुखाची दिवाळी तिनं कधी पाहिली नव्हती. भोपाळला सरकारी खोल्या मिळाल्या की सगळ्यांना नेतो, असं सांगून वसंत भाऊबीजेनंतर गेला.

संक्रांतीला तीळ भाजता भाजता नलिनीला खोकला आला. कोरडा, दोनदा. तिला वाटलं धूर गेला असेल. ओसरीत कलाबाई वाती वळत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि मान वर केली.

होळी झाली. वसंतानं तिला नागपूरला नेलं, मोठ्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, सुया लिहून दिल्या. गुण येतो म्हणाला, पण वेळ लागेल. रात्री नलिनीला खोकल्याची उबळ आली की दुसरंही कोणी तरी खोकतंय असं वाटायचं, अगदी जवळ, तिच्याच उशीवर. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर आधी हेही सांगावं लागलं असतं की आपण वळलो होतो. उन्हाळ्यात तिचं अंथरुण मागच्या खोलीत हललं. ते तिनं आपणहून मागून घेतलं. सुधाला जवळ येऊ देऊ नका, हेही तिनंच सासूला सांगितलं. कलाबाई बिचाऱ्या आंधळ्या डोळ्यांनी तिला भाकर आणून द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. वाईट बाई नव्हती हो ती.

तरी सुधा खिडकीशी यायचीच. आजीचा डोळा, म्हणजे कान, चुकवून यायची. पुढच्या पोळ्याच्या संध्याकाळीही आली. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज चालला होता. सुधानं खिडकीचे गज धरले.

"आई, आजीनं तुझं लाल लुगडं फाडलं."

नलिनी उठून बसली.

"दारच्या मेढीला बांधून राहिली. गाठ मारताना रडत होती. मी म्हटलं आईचं लुगडं काऊन फाडलं, तर सांगत नाही." सुधाचा आवाज बारीक झाला. "उद्या सकाळी मले नाल्यावर नेणार हाये. तिले दिसत नाही न, म्हणून."

मागच्या खोलीतही पळसाचा वास येत होता. नलिनीला एकदम हसू आलं. आपण गेलो तर आपणही हाक मारू. शकूनं मारली, तशीच. आपल्याला राहवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सुधा, इकडे पाहा. उद्या नाल्यावरून येताना मागं वळायचं नाही. उद्याही नाही आणि कधीच नाही. कोणीही हाक मारली तरी."

"तू मारली तरी?"

"मी मारली तरी नाही."

सुधानं विचार केला. सातातून आठात गेलेली पोरगी, पण खोटं बोलायची नाही.

"तू मारली तर मी वळीन," ती म्हणाली. "तू आई हायेस न."

नलिनी तिच्याकडे पाहत राहिली. या एका शब्दापायी तिनं काय काय दिलं होतं. तिनं पांघरूण ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी तुझी आई नाही," ती म्हणाली. "तुझी आई शकू होती. मला मावशी म्हणायचं."

"आई?"

नलिनीनं ओ दिली नाही.

"आई, काय झालं व? आई!"

तिनं पदर तोंडात कोंबला, खोकला आला तोही आत दाबला. बाहेर पोरगी रडू लागली, दाबून दाबून. मग बऱ्याच वेळानं, बैल घरी परतल्यावर, खिडकीशी पुन्हा आवाज आला.

"मावशी?"

"हो," नलिनी म्हणाली. "जा आता. झोप."